माणसे जोडणारे नेतृत्व : हत्थक आळवकाची चार सूत्रे

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त दर्यापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)





संयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘नेतृत्व आणि व्यक्तिविकास’. विषय ऐकून मागच्या रांगेतली एखादी माउली म्हणेल, “हे पुढाऱ्यायचं काम आहे बाप्पा, आपल्याले काय त्याचं? आपण भले अन् आपलं वावर भलं.” म्हणणे खोटे नाही. नेता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चौकातला फलक येतो, पांढरे कपडे येतात, मंचावरची पहिली खुर्ची येते. पण आज मला त्या खुर्चीविषयी बोलायचे नाही. ज्याच्या शब्दावर चार माणसे विश्वास ठेवतात आणि ज्याच्यापाशी राहून ती चार माणसे मोठी होतात, तो नेता. मग तो तालुक्याच्या ठिकाणी असो की कपाशीच्या तासात.

कपाशीचेच घ्या ना. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की एखादी बाई सकाळीच वस्तीत फिरून दहा-बारा जणींना गोळा करते. शेतकऱ्याशी किलोचा भाव ठरवते. संध्याकाळी काट्यापाशी उभी राहून प्रत्येकीचे वजन नीट पाहते. एखादी बाळंतपणातून नुकतीच उठलेली असेल तर तिच्या पातीला हात लावते. तिला कोणी नेता म्हणत नाही. पण उद्या तिने “चला” म्हटले तर बारा जणी निघतात. ते का निघतात, याचे उत्तर म्हणजेच नेतृत्व.

बंधू-भगिनींनो, हाच प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी एका गृहस्थाला विचारला होता. अंगुत्तर निकायात ही हकिकत आली आहे. आळवी नावाचे नगर होते. तिथल्या हत्थक आळवक नावाच्या उपासकाच्या मागे पाचशे उपासक होते. त्यांना घेऊन तो भगवंतांना भेटायला आला, तेव्हा भगवंतांनी विचारले, एवढी मोठी परिषद तू एकत्र कशी ठेवतोस? लक्षात घ्या, हत्थक भिक्खू नव्हता. आपल्यासारखाच बायको-लेकरांचा, घरदाराचा माणूस होता. त्याने सांगितले की आपणच शिकवलेल्या चार संग्रह-वस्तूंनी मी माणसे जोडतो. त्या चार म्हणजे दान, प्रिय वाणी, अर्थचर्या आणि समानता. जो ज्या गोष्टीने जोडला जाईल, त्याला त्या गोष्टीने. आणि प्रामाणिकपणे त्याने पुढे हेही सांगून टाकले की माझ्या घरी संपत्ती आहे, गरिबाचे लोक इतके ऐकत नाहीत.

हे शेवटचे वाक्य पोटात ठेवा, कारण आपण सगळे त्यावरच अडून बसतो. “आपल्यापाशी पैसा नाही, आपलं कोण ऐकते?” पण चारांपैकी पैसा लागतो तो एकाच सूत्राला, आणि तेही पूर्ण नाही. बाकीची तीन फुकटात आहेत. ही चार सूत्रे आपण एकेक करून आपल्या रोजच्या जगण्यात आणून पाहू.

पहिले सूत्र : दान

दान म्हटले की आपण पावती पुस्तक काढतो. विहाराला पंखा दिला, फरशी दिली, त्यावर नाव टाकले. तेही चांगलेच आहे, त्याच्यामुळेच हे विहार उभे आहे. परंतु माणसे जोडणारे दान वेळेचे असते आणि माहितीचे असते. आपल्यातला एखादा पंचायत समितीत, तहसीलमध्ये, बँकेत नोकरीला असतो. कुडाच्या घरातला म्हातारा माणूस अर्ज घेऊन तिथे येतो. त्याला “उद्या या” म्हणायचे की कोणता दाखला लागतो, कोठे मिळतो, हे पाच मिनिटे बसून समजावून सांगायचे? ती पाच मिनिटे म्हणजे दान होय. आणि अर्ज भरून देण्यापेक्षा भरायला शिकवणे हे त्याहून मोठे दान, कारण पुढच्या वेळी तो माणूस स्वतः भरतो आणि शेजाऱ्याचाही भरून देतो.

१४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा सोहळा आठवा. लाखो लोक आले. बाबासाहेबांनी तारीख जाहीर केल्यानंतर हाताशी जेमतेम तीन आठवडे होते. तयारीचा भार नागपूरच्या भारतीय बौद्ध जन समितीने उचलला. तिचे सचिव वामनराव गोडबोले हे कोणी संस्थानिक नव्हते, रेल्वेत नोकरी करणारे कार्यकर्ते होते. त्यांच्यासोबत सदानंद फुलझेले होते, ते त्या वेळी नागपूरचे तरुण उपमहापौर होते. जागा, मंडप, पाणी, परवानगी, स्वयंसेवक, हे सगळे कोणाला तरी रात्री जागून करावे लागले. आपला सारा धम्मप्रवास ज्या दिवसापासून मोजला जातो, तो दिवस अशा नोकरदार माणसांनी दिलेल्या वेळेवर उभा आहे.

दुसरे सूत्र : प्रिय वाणी

आम्ही वऱ्हाडी माणसे मनाने साफ, पण तोंडाने जरा रांगडी. सभेत एखादा पोरगा उठून हिशोब विचारतो, तर लगेच आवाज येतो, “तू काल पैदा झालेलं पोट्टं, तुले काय समजते?” तो पोरगा बसतो तो कायमचा बसतो. पुढल्या वर्षी आपणच म्हणतो, “तरुण पोरं विहारात येतच नाहीत!” येतील कशी? दार आपणच लावून घेतले.

प्रिय वाणी म्हणजे गोडगोड बोलणे नव्हे. चांगल्या बोलण्याच्या पाच खुणा तथागतांनी सांगितल्या आहेत. बोलणे वेळेवर असावे, खरे असावे, मृदू असावे, उपयोगाचे असावे आणि मैत्रीच्या भावनेने असावे. ‘खरे असावे’ ही खूण त्यात आहे, हे विसरू नका. हाताखालच्या माणसाचे काम चुकले तर ते सांगितलेच पाहिजे. पण चारचौघांत त्याचा पाणउतारा करायचा की बाजूला बोलावून काय चुकले ते दाखवायचे, यात मुकादम आणि नेता यांच्यातला फरक आहे. हाच नियम घरात लावा. मुलगा दहावीत नापास झाला त्या दिवशी आपण जे बोलतो, ते त्याला आयुष्यभर ऐकू येत राहते.

तिसरे सूत्र : अर्थचर्या

अर्थचर्या म्हणजे दुसऱ्याच्या हिताचे काम प्रत्यक्ष करणे. इथे मला दोन बायांची नावे घ्यायची आहेत, कारण नेतृत्वाच्या गोष्टीत बाया मागच्या पानावर जातात.

नागपूरच्या जाईबाई चौधरी यांनी पोटासाठी लोकांची ओझी वाहिली. एका मिशनरी भगिनीच्या मदतीने त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. जात कळल्यावर सवर्ण पालकांनी शाळेवर बहिष्कार टाकला आणि त्यांची नोकरी गेली. दुसरा कोणी रडत घरी बसला असता. जाईबाईंनी १९२२ च्या सुमारास नागपुरात मुलींसाठी स्वतःची शाळा काढली. जे शिक्षण आपल्या हातून हिसकावले गेले, तेच त्यांनी शेकडो लेकींच्या हातात ठेवले. व्यक्तिविकास म्हणतात तो हाच. स्वतः एक पायरी चढायची आणि मागच्याला हात द्यायचा.

दुसरे नाव आपल्या अमरावतीचे आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. स्वतः बाबासाहेब उपस्थित होते. हजारो बाया लुगडी सावरत, लेकरे कडेवर घेऊन आल्या होत्या. त्या परिषदेच्या अध्यक्षस्थानी होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. आणि परिषदेने ठराव कशाचे केले? बाईला काडीमोडाचा हक्क असावा, एकापेक्षा जास्त बायका करण्याची चाल कायद्याने बंद व्हावी, गिरणीत आणि विडी कारखान्यात राबणाऱ्या बायांना रजा आणि म्हातारपणी पेन्शन मिळावी, मुलींच्या शिक्षणाची सोय व्हावी. एकही ठराव हवेतला नाही. ज्या दुःखाने रोज जीव जळत होता, त्याच दुःखाचा ठराव झाला. बाबासाहेबांनीही तिथे समाजाची प्रगती मोजण्याचे माप म्हणून बायांची प्रगती सांगितली आणि लेकरांना शिकवा, लग्नाची घाई करू नका, असा साधा घरगुती उपदेश केला.

आपल्या बचत गटातल्या भगिनींना मी विचारतो, तुमच्या वहीतले व्याज कोण काढते? सही करते ती वेगळी आणि हिशोब मांडते ती वेगळी, किंवा मग घरचा माणूसच सगळे लिहून देतो, असे तर नाही ना? असेल तर या वर्षी प्रत्येक बाईने स्वतः हिशोब मांडायला शिकायचे, एवढी एकच अर्थचर्या करा.

चौथे सूत्र : समानता

हे सूत्र सर्वांत अवघड. स्वतःला दुसऱ्याच्या बरोबरीने ठेवणे, सुखात आणि दुःखात सारखे वागणे. शाक्यांचे राजपुत्र संघात दीक्षा घ्यायला आले, तेव्हा त्यांच्यासोबत त्यांचा न्हावी उपाली होता. राजपुत्रांनीच विनंती केली की आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा गर्व गळेल. भगवंतांनी तसे केले. पुढे काय झाले? राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे पठण करायला ज्याला पुढे बसवले, तो हाच उपाली. माणसाला जागा दिली की तो त्या जागेएवढा वाढतो. त्याला उंबऱ्याबाहेर ठेवले तर त्याचे मोठेपण तिथेच कोमेजते.

नोकर-मालकाच्या नात्यालाही हेच लागू आहे. दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये आहेत. माणसाच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, जेवण आणि मजुरी द्यावी, आजारात काळजी घ्यावी, गोडधोड केले तर वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. आणि कामगारानेही मालकाआधी कामाला लागावे, दिले तेवढेच घ्यावे, काम चोख करावे, असे आहे. आज आपल्यातले काही जण ठेकेदार झाले, दुकानदार झाले, साहेब झाले, अभिमानाची गोष्ट आहे. पण आपल्या हाताखालचा गवंडी, आपल्या घरी भांडी घासायला येणारी बाई, यांना ही पाच कर्तव्ये मिळतात काय? बौद्ध माणसाची परीक्षा विहारात होत नाही, मजुरी देण्याच्या दिवशी होते.

आपल्या तालुक्याची एक गोष्ट सांगतो. दारापूर तुम्हा सर्वांना माहीत आहे. तिथे ३० ऑक्टोबर १९२९ रोजी रा. सू. गवई जन्मले. १९६४ ते १९९४ अशी तीस वर्षे ते विधान परिषदेत होते. १९६८ पासून दहा वर्षे उपसभापती आणि नंतर १९८२ पर्यंत सभापती. पुढे ते खासदार झाले, बिहारचे आणि केरळचे राज्यपाल झाले. २०१५ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या राजकारणाविषयी इथे बसलेल्यांची मते निरनिराळी असतील, असू द्या. मी एवढेच दाखवतो की सभापतीचे काम काय असते. स्वतः कमी बोलणे आणि विरोधकालाही बोलण्याची पाळी देणे. खारपाणपट्ट्यातल्या एका खेड्यातल्या मुलाने चौदा वर्षे हे काम केले. त्यांचे चिरंजीव भूषण गवई अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यात नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकले आणि मे २०२५ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले, नोव्हेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या दर्यापूरच्या न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले. तेव्हा त्यांच्या सांगण्याचा आशय हाच होता की खुर्ची लोकांच्या सेवेसाठी असते, ती डोक्यात जाऊ देऊ नये.

आता खुर्चीवरून मी आपल्या घरातल्या दुखण्यावर येतो. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत त्याचे गट पडले. ते दुःख तुम्ही जाणता. पण तीच फूट लहान होऊन आपल्या विहारापर्यंत आली, हे आपण मान्य करतो काय? जयंतीच्या दोन मिरवणुका, वर्गणीची दोन पुस्तके, आणि विहाराची चावी एकाच्याच खिशात. तो गावाला गेला की दारावर कुलूप आणि वंदना ओट्यावर!

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत शेवटचे मोठे भाषण केले. त्यात त्यांनी सांगितले की संसदीय पद्धत या देशाला नवी नाही, बौद्ध भिक्खू संघाला ती ठाऊक होती. प्रस्ताव कसा मांडायचा, गणपूर्ती किती, मते कशी मोजायची, हे नियम संघात होते. आणि त्याच भाषणात त्यांनी इशारा दिला की राजकारणात एखाद्या माणसाची भक्ती केली तर ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. म्हणजे ज्यांना आपण सर्वांत जास्त मानतो, त्यांनीच सांगितले की माणसाच्या पायाशी स्वातंत्र्य ठेवू नका. मग आपल्या समितीत सभेची सूचना नाही, इतिवृत्त नाही, ठराव तोंडी आणि मतदान म्हणजे मोठा आवाज, हे कोणत्या धम्मात बसते?

रोजच्या जगण्यातला विकास

मित्रांनो, व्यक्तिविकासाची आजकाल शिबिरे भरतात, फी घेतात. ज्याला जमेल त्याने जावे. पण सिगालोवाद सुत्तातच एक मोफत धडा आहे. आपल्या मिळकतीचे चार भाग करावे. एका भागात घर चालवावे, दोन भाग आपल्या उद्योगात घालावे आणि चौथा भाग अडचणीच्या दिवसांसाठी जपून ठेवावा. मजुरीवर जगणाऱ्याला एवढे जमणार नाही हे मला कळते. परंतु लग्नात, बारशात, वाढदिवसाच्या फलकात कर्ज काढून पैसा उडवणाऱ्याला हे नक्की जमेल. मुलाचे पुस्तक, मुलीचे शिक्षण, हातातल्या कौशल्याचे हत्यार, हे आपल्या ‘उद्योगाचे’ दोन भाग समजा. कर्जात बुडालेला माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. तो स्वतंत्र मत देऊ शकत नाही, मग नेतृत्व कसे करणार?

विहार समितीपुढे मी चार लहान गोष्टी ठेवतो. एक, जमाखर्च दर महिन्याच्या पौर्णिमेला फळ्यावर लिहावा. दोन, सभेचे इतिवृत्त दर वेळी वेगळ्या माणसाने लिहावे, त्यात एकदा विद्यार्थी आणि एकदा गृहिणी. तीन, विहाराची चावी तिघांकडे असावी, त्यातली एक बाईकडे आणि एक तरुणाकडे. चार, दर रविवारी एका मुलाने किंवा मुलीने समोर उभे राहून पाच मिनिटे बोलावे. चुकले तर कोणी हसू नये. आज जो मुलगा इथे पाच मिनिटे बोलायला शिकेल, तो उद्या मुलाखतीत अडखळणार नाही आणि कार्यालयात अन्याय दिसला तर मान खाली घालणार नाही.

यातली एकही गोष्ट खर्चाची नाही. पण प्रत्येक गोष्टीत जुन्या माणसाला थोडे बाजूला सरकावे लागते. तेच जड जाते. आम्ही खस्ता खाल्ल्या, विटा वाहिल्या, तेव्हा हे विहार झाले, ही भावना खरी आहे आणि त्या माणसांचे ऋण फिटणारे नाही. मी त्या ज्येष्ठांना हात जोडून म्हणतो, बाबाहो, तुम्ही भिंत बांधली, आता माणूस बांधा. तुमच्या देखत नव्या पोराने चुकत-माकत काम केले तर तुम्ही दुरुस्त कराल. तुमच्या मागे चुकला तर कोण सांगणार?

हत्थकाची गोष्ट अजून थोडी राहिली आहे. एकदा भगवंतांनी भिक्खूंपुढे त्याचे गुण वर्णिले. एका भिक्खूने ते जाऊन हत्थकाला सांगितले. हत्थकाने काय विचारावे? भगवंत हे बोलले तेव्हा तिथे कोणी पांढऱ्या वस्त्रातला गृहस्थ तर नव्हता ना? कोणी नव्हता हे ऐकून त्याला बरे वाटले. भगवंतांना हे कळले तेव्हा त्यांनी त्याच्या गुणांत आणखी एक गुण मिळवला, की आपले गुण लोकांना कळावेत अशी त्याला इच्छा नाही. पाचशे माणसांचा नेता आणि फलकावर नाव नको!

आणि स्वतः तथागतांनी काय केले? महापरिनिर्वाणाच्या आधी त्यांनी आपल्या गादीवर कोणाला बसवले नाही. मी शिकवलेला धम्म आणि विनय हाच माझ्यामागे तुमचा शास्ता, असे आनंदाला सांगितले. जाणारा माणूस गेला तरी काम थांबू नये, याची सोय त्यांनी जिवंतपणी करून ठेवली, म्हणून तो धम्म फिरून आपल्या दारात आला. आपण प्रत्येकाने, घरात, कामावर आणि या विहारात, आपल्या गैरहजेरीत काम चालवणारी दोन माणसे या वर्षात तयार करावी. पुढच्या वर्धापन दिनी या मंचावरून त्यांनी बोलावे आणि आपण सतरंजीवर बसून ऐकावे, एवढी मंगल कामना करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!